पुणे महापालिकेत ठरवतं कोण आणि नियम होतात कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ मार्च २०२२ ला पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. मधली जवळजवळ चार वर्षं शहराला सभागृहच नव्हतं. या काळात आमच्या सोसायटीत राहायला आलेल्या बऱ्याच जणांनी नगरसेवक ही गोष्ट अनुभवलेलीच नाही. रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर आम्ही काही जण बसतो, तिथे लोक येऊन विचारत राहतात. तेच प्रश्न इथे मांडले आहेत. मी वकील नाही. गेली अनेक वर्षं मुख्य सभेच्या गॅलरीत बसत आलो आहे आणि कायदा लागेल तेव्हा उघडून वाचत आलो आहे.

"पालिकेनं ठरवलं" असं आपण म्हणतो. ही पालिका म्हणजे नक्की कोण?

सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायला हवा. पुणे महापालिका चालते ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार. हा कायदा मूळचा १९४९ चा. तेव्हा त्याचं नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम होतं. (खुद्द मुंबईला मात्र १८८८ चा वेगळा कायदा आहे.) पुण्यात नगरपालिकेची महानगरपालिका झाली १५ फेब्रुवारी १९५० रोजी.

या कायद्यात "महानगरपालिका" हा शब्द इमारतीसाठी येत नाही आणि कर्मचाऱ्यांसाठीही नाही. तो येतो निवडून आलेल्या नगरसेवकांच्या सभेसाठी. पुण्यात तिला "मुख्य सभा" म्हणतात. तिच्याशिवाय स्थायी समिती, प्रभाग समित्या आणि आयुक्त अशी वेगवेगळी प्राधिकरणं आहेत आणि प्रत्येकाचे अधिकार कायद्यानं वाटून दिलेले आहेत. धोरण मुख्य सभेचं, खर्चाच्या मंजुरीचा मोठा भाग स्थायी समितीचा आणि अंमलबजावणी आयुक्तांची, असं ढोबळमानानं समजा. पुढच्या वेळी कुणी "पालिकेनं ठरवलं" म्हणालं की विचारा: मुख्य सभेनं की स्थायीनं की आयुक्तांनी? आणि ठराव क्रमांक काय? निम्म्या तक्रारी चुकीच्या दारात जातात त्या एवढं न विचारल्यामुळे.

नगरसेवक १६५ च का?

हा आकडा लोकसंख्येवरून निघतो. तीस लाखांच्या पुढच्या शहराला किमान १६१ नगरसेवक, त्यावर दर लाखामागे एक वाढत जातो आणि जास्तीत जास्त १७५ पर्यंत. शहराच्या आताच्या हद्दीतली २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या साधारण ३४ लाख ८१ हजार भरते. म्हणून १६१ अधिक ४. २०११ नंतर बाणेर, वाघोली, आंबेगाव या बाजूंना किती इमारती उठल्या हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या माणसांची मोजणी या हिशेबात नाही, आणि ही गोष्ट मला फार खटकते.

एका प्रभागात चार-चार नगरसेवक का? मग मत किती द्यायची?

शहराचे ४१ प्रभाग आहेत. त्यांतल्या ४० प्रभागांत चार जागा आणि आंबेगाव-कात्रज या एकाच प्रभागात पाच. जागांना अ, ब, क, ड अशी नावं असतात आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यायचं असतं. एक मत देऊन बाहेर पडायला निघालेली मंडळी मी मतदान केंद्रावर पाहिली आहेत. केंद्रावरचे कर्मचारी त्यांना परत बोलावतात.

ही पद्धत दर निवडणुकीला बदलत आली आहे. २००२ ला तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ ला एका सदस्याचे वॉर्ड, २०१२ ला दोन आणि २०१७ पासून चार. दरवेळी राज्य सरकार कायद्यात दुरुस्ती करतं आणि आपला भाग नव्यानं कापला-जोडला जातो. माझं मत स्पष्ट आहे: एक वॉर्ड, एक नगरसेवक हीच पद्धत नागरिकाच्या सोयीची. चार जण असले की ड्रेनेज तुंबल्यावर प्रत्येकाकडून "तो भाग त्यांच्याकडे आहे" असं ऐकायला मिळतं. कायद्यात मात्र तशी वाटणी नाही. पूर्ण प्रभागाला चौघेही सारखेच जबाबदार आहेत. म्हणून तक्रारीचं पत्र चौघांच्याही नावानं लिहा.

निवडणुकीला कोण उभं राहू शकतं? आरक्षण कसं असतं?

वय २१ पूर्ण हवं आणि नाव शहराच्या मतदार यादीत हवं. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, म्हणजे पुण्यात ८३. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, त्याशिवाय नागरिकांच्या मागास प्रवर्गाच्या (ओबीसी) जागा असतात. कुठली जागा कुणाला, हे सोडतीनं ठरतं.

अपात्रतेची यादी मोठी आहे. दोन गोष्टी लोकांना सहसा माहीत नसतात. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असेल तर पद जातं. आणि नगरसेवकानं स्वतः, त्याच्या जोडीदारानं किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यानं बेकायदा बांधकाम केलं असेल, तरीही पद जाऊ शकतं.

स्वीकृत नगरसेवक म्हणजे काय?

प्रशासन, आरोग्य, शिक्षण, समाजकार्य अशा क्षेत्रांतल्या अनुभवी माणसांना सभागृहात घेण्याची ही सोय आहे. पूर्वी पाच असायचे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर एकूण संख्येच्या दहा टक्के किंवा दहा, यांतला कमी आकडा. म्हणजे पुण्यात दहा. ते सभेत बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे या जागा वाटल्या जातात आणि प्रत्यक्षात तिकीट न मिळालेल्यांची किंवा पराभूतांची सोय लावली जाते, हे शहरात सगळ्यांना दिसतं. पाणी, कचरा, वाहतूक यांत आयुष्य घालवलेली कितीतरी माणसं पुण्यात आहेत. त्यांतली दोन जरी सभागृहात बसली तरी चर्चेची पातळी बदलेल.

महापौर शहराचा प्रमुख असतो ना? मग रस्ता त्यांना सांगून का होत नाही?

महापौर पहिला नागरिक आणि मुख्य सभेचा अध्यक्ष. सभा चालवणं, मतं समसमान झाली तर निर्णायक मत देणं हे त्यांचं काम. नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात, मुदत अडीच वर्षं, आणि ते पद कुठल्या प्रवर्गासाठी हेही सोडतीनं ठरतं. पुण्याचे पहिले महापौर बाबूराव सणस. सारसबागेजवळच्या मैदानामुळे ते नाव आजही रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असतं.

कार्यकारी अधिकार मात्र आयुक्तांकडे आहेत. आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतं आणि सहसा ते भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी असतात. सभागृहाला ते नकोसे झाले तर एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी ठराव करावा लागतो.

स्थायी समितीसाठी एवढी चुरस का असते?

कारण तिजोरीची एक किल्ली तिच्याकडे असते. ठरावीक रकमेच्या वरच्या निविदा तिच्या मंजुरीशिवाय पुढे सरकत नाहीत. सदस्य सोळा. त्यांतले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात आणि अध्यक्षाची निवडही दरवर्षी होते. तिच्याबरोबर शहर सुधारणा समिती, विधी समिती, महिला व बालकल्याण समिती, क्रीडा समिती या विषय समित्या आहेत. रस्त्या-चौकांच्या नावांसाठी वेगळी नाव समितीसुद्धा आहे.

महापालिका कायदे करते का?

नाही. कायदा, म्हणजे अधिनियम, करतं विधिमंडळ किंवा संसद. पालिका त्या कायद्याच्या चौकटीत काही गोष्टी करू शकते. त्यांचं वजन वेगवेगळं असतं आणि आपल्याकडे ते सर्रास एकात एक मिसळलं जातं.

सगळ्यात ठोस म्हणजे उपविधी. कलम ४५८ मध्ये विषयांची यादीच आहे: गटारं, पाणी, मंडया, स्मशानभूमी, उपद्रव वगैरे. त्या विषयांवर मुख्य सभा उपविधी करू शकते, फक्त ते मूळ कायद्याच्या आणि नियमांच्या विरोधात जाता कामा नयेत. उपविधी मोडला तर दंड होतो, म्हणजे सामान्य माणसाच्या दृष्टीनं तो कायदाच. पुण्याचे सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता उपविधी २०१७ चे आहेत. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर थुंकणाऱ्यांना पकडून दीडशे रुपये दंड आणि वर स्वतःच्या हातानं ती जागा पुसायला लावण्याची मोहीम झाली, ती अनेकांना आठवत असेल.

ठराव ही त्याहून वेगळी गोष्ट. तो त्या त्या विषयापुरता सभेचा निर्णय असतो: या जागेवर उद्यान करावं, त्या संस्थेशी करार करावा. घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी पालिकेचा करार आहे. त्याला मुदतवाढ द्यायची वेळ आली की शहरात चर्चा पेटते, कारण हजारो बायकांची रोजीरोटी त्या एका विषयावर अवलंबून असते.

आणि आयुक्तांचे आदेश, परिपत्रकं ही तिसरी गोष्ट. ती सभेपुढे येतीलच असं नाही.

उपविधी होतो कसा? आपण त्यात कुठे येतो?

इथे थोडं थांबून वाचा. नागरिकाला हात घालता येतो अशी फट इथेच आहे.

मसुदा आयुक्तांकडून सभेपुढे येतो. विधी समिती त्यावर अभिप्राय देते. पण सभा लगेच मतदान करू शकत नाही. अमुक तारखेनंतर या मसुद्याचा विचार होणार आहे, अशी सूचना आधी राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते. मसुद्याची छापील प्रत मुख्य कार्यालयात ठेवावी लागते आणि ती कुणालाही फुकट वाचता येते. त्या तारखेआधी लेखी आलेल्या प्रत्येक हरकतीचा आणि सूचनेचा सभेला विचार करावाच लागतो. मग मतदान. तेवढ्यानंही भागत नाही. राज्य सरकारची मान्यता लागते आणि राजपत्रात प्रसिद्धी झाल्यावरच उपविधी लागू होतो.

अडचण एवढीच की ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत, बारीक अक्षरांत असते. आमच्या कट्ट्यावरच्या एक काकू रोज ते पान वाचतात. आमच्या भागाला सगळ्यात जास्त उपयोग त्यांच्या त्या सवयीचा झाला आहे.

हरकत घेऊन खरंच काही होतं का?

होतं, पण लिहिता यायला हवी. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका रस्त्याची रुंदी कलम २१० खाली वाढवायचं ठरलं. काकूंनी सूचना दाखवली. आम्ही शंभरेक सह्यांचं एकच पत्र केलं. "हा रस्ता रुंद करू नये, झाडं जातील, लोकांचं नुकसान होईल" इतकंच त्यात लिहिलं. सुनावणीला पाच मिनिटं मिळाली. समोरच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "कुठला सर्व्हे नंबर? किती झाडं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. रेषा जशीच्या तशी मंजूर झाली. त्या दिवशी घरी येताना कुणी कुणाशी बोललं नाही.

पुढच्या वेळी आम्ही शिकलो होतो. प्रत्येकानं वेगळा अर्ज केला. सर्व्हे नंबर, झाडांचे फोटो आणि संख्या, पर्यायी आखणीचा हातानं काढलेला नकाशा, सगळं जोडलं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. त्या वेळी आखणी बदलली.

शहराच्या पातळीवरचं मोठं उदाहरण म्हणजे जुन्या हद्दीचा विकास आराखडा. २०१३ मध्ये त्यावर ऐंशी हजारांहून जास्त हरकती आल्या. बागांच्या, शाळांच्या आरक्षणांवर लोक तुटून पडले होते. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारनं तो आराखडा पालिकेच्या हातातून काढून घेतला आणि २०१७ मध्ये मंजूर केला. टेकड्यांवरच्या सुमारे ९७८ हेक्टरांच्या जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टिकलं तेही नागरिकांनी वर्षानुवर्षं लावून धरल्यामुळे. सकाळी टेकडीवर जाता तेव्हा हे लक्षात असू द्या.

मुख्य सभेत प्रत्यक्षात काय चालतं?

महिन्यातून किमान एक सभा घ्यावी लागते आणि तीही २० तारखेच्या आत. नगरसचिव कार्यपत्रिका काढतात. एक तृतीयांश सदस्य हजर नसतील तर गणपूर्ती होत नाही. विषय पुकारला जातो, कुणी उपसूचना देतं, चर्चा होते, मग "मंजूर" किंवा "पुढे ढकलावा". कधी श्रद्धांजली वाहून सभा तहकूब होते आणि महिन्यापूर्वीचे विषय पुन्हा तसेच राहतात. नव्या माणसानं एक शब्द शिकून ठेवावा: उपसूचना. मूळ विषय साधा असतो आणि त्याला चिकटवलेल्या चार ओळींच्या उपसूचनेत खरी गोम असते. ठरावाची प्रत मागाल तेव्हा उपसूचनेसह मागा.

सभेनं केलेला ठराव राज्य सरकार रद्द करू शकतं?

करू शकतं. कलम ४५१. त्याला "विखंडित करणं" म्हणतात आणि पुण्याइतका या शब्दाचा चटका क्वचितच कुठल्या शहराला बसला असेल.

१९७० मध्ये पुण्यात ठराव झाला की स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्याला मिळकत करात ४० टक्के सवलत. पिढ्यानपिढ्या ती बिलात येत राहिली. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले आणि राज्य सरकारनं तो ठराव विखंडित केला. २०१९ पासूनच्या फरकाची बिलं येऊ लागली. पेन्शनवर घर चालवणारी माणसं ती बिलं हातात घेऊन क्षेत्रीय कार्यालयांत रांगेत उभी होती. शेवटी २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सवलत कायम ठेवली आणि ती मिळवण्यासाठी लोकांनी पीटी-३ अर्ज भरले. मुख्य सभेत हात वर झाले म्हणजे काम संपलं असं नसतं, हे या एका गोष्टीत सगळं आलं.

अंदाजपत्रकात आपल्याला काही सुचवता येतं?

येतं. २००६-०७ पासून पुण्यात नागरिकांच्या सहभागाची पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपल्या भागातलं छोटं काम सुचवता येतं: पदपथ, बाक, दिवे, बसथांबा.

मोठा प्रवास असा: आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, स्थायी त्यात फेरफार करून मुख्य सभेपुढे ठेवते, आणि नवं आर्थिक वर्ष लागायच्या आत मंजुरी व्हावी लागते. करांचे दर मात्र २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. नगरसेवकांच्या वाट्याची प्रभागातली कामं "स" यादीत असतात. ती यादी बघा. बाक, कमानी आणि नामफलक यांवर किती आणि गटारांवर किती, हे एका नजरेत कळतं. वर्षाच्या शेवटी "वर्गीकरणाचे" विषय येतात, म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवले जातात. त्यांवरही नजर ठेवा.

२०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचं होतं. ते मांडलं प्रशासकांनी आणि मंजूरही त्यांनीच केलं.

म्हणजे प्रशासक असताना सभा आणि स्थायी समिती दोन्ही एकच माणूस?

होय. मुदत संपली, निवडणूक नाही, म्हणून आयुक्तच प्रशासक झाले. विषय मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीनं नगरसेवकांची मुदत पाच वर्षं ठरवली आहे आणि ती संपायच्या आत निवडणूक घ्यायला सांगितलं आहे. ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेच्या न्यायालयीन वादात ते राहून गेलं. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये निवडणुका घ्यायला सांगितल्यावर गाडं हललं. अधिकारी मन लावून काम करत असतीलही, पण गॅलरीत बसून ऐकण्यासारखी चर्चाच उरली नव्हती, आणि एखाद्या विषयाला कुणी विरोध केला होता का, हे नोंदीत कुठे सापडत नाही.

मी कॅम्पात राहतो. माझे नगरसेवक कोण?

पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंट पालिकेत येत नाहीत. त्यांचा कारभार २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्यानं चालतो. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी आहे. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये पालिकेत आली आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

पीएमपी, मेट्रो, धरणाचं पाणी यांचं काय?

पीएमपी, म्हणजे शहराची बससेवा, ही २००७ मध्ये झालेली वेगळी कंपनी. मेट्रो महामेट्रोची. खडकवासल्याचं पाणी किती सोडायचं हे जलसंपदा विभागाकडे, सिग्नलवरचा दंड पोलिसांकडे. नगरसेवक पाठपुरावा करू शकतात, हुकूम देऊ शकत नाहीत. तुमच्या नळाला येणाऱ्या पाण्याचं वेळापत्रक मात्र पालिकेचंच.

सभागृहात नुसती भांडणंच होतात ना?

भांडणं होतात. पण याच शहराच्या नगरपालिकेत १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले सदस्य होते. मंडईच्या भव्य इमारतीवर पैसा ओतण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं सांगत त्यांनी विरोध नोंदवला. त्यांचं ऐकलं गेलं नाही. मंडई उभी राहिली आणि आज तिला त्यांचंच नाव आहे. सभेत हरलेला विरोधसुद्धा नोंदीत राहतो. म्हणून तर मला भांडणाऱ्या सभेपेक्षा पाच मिनिटांत चाळीस विषय मंजूर करणाऱ्या सभेची जास्त भीती वाटते.

सभा बघायची आणि ठरावाची प्रत मिळवायची तर?

शिवाजीनगरच्या मुख्य इमारतीत नगरसचिव कार्यालयात विचारा, प्रेक्षक गॅलरीचा पास मिळतो. ओळखपत्र जवळ ठेवा. सभा वेळेवर सुरू होईल अशी अपेक्षा ठेवू नका, डबा बरोबर न्या.

प्रतीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागतो. त्यात "माझ्या भागातल्या रस्त्याबद्दलची सर्व माहिती" असं मोघम लिहू नका. सभेची तारीख, ठराव क्रमांक, विषय आणि "मंजूर उपसूचनांसह" एवढं लिहा. क्रमांक माहीत नसेल तर त्या महिन्याची कार्यपत्रिका आधी बघून घ्या. २००९ मध्ये पालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना फायली बघू देण्याची पद्धत सुरू झाली होती. ती अजून चालू आहे का, हे आधी विचारून घ्या. चालू असेल तर अर्ज करायच्या आधी जाऊन फाईल नुसती चाळून या. नेमकं कुठलं पान मागायचं ते तिथेच कळतं.